‘सर्व्हर डाऊन आहे’ : शेवटच्या तासात अडकलेली निविदा

दुपारी दोन-सव्वादोनला फोन वाजला की पलीकडचं वाक्य मला आधीच पाठ असतं. "ताई, सर्व्हर डाऊन आहे. तीनला टेंडर बंद होतंय." मी विचारते, "कुठे अडलंय?" उत्तर येतं, "सगळीकडेच." मग मी विचारते, "पानावरचं घड्याळ चालतंय का?" जरा वेळ जातो. "हो, ते चालतंय." म्हणजे सर्व्हर चालू आहे, आणि दुखणं दुसरीकडे कुठेतरी आहे.

आमचं पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ स्टेशनरीचं दुकान. सरकारी कार्यालयांना रजिस्टरं, फायली, टॅग पुरवायचो. वडिलांच्या काळात लखोट्याला लाख लावून, ती ओली असतानाच शिक्का उठवायचा आणि मी तो सेंट्रल बिल्डिंगमधल्या कुलूपबंद पेटीत टाकून यायचे. उशीर झाला तर तो वाहतुकीमुळे झाला हे तरी कळायचं. खरेदी ऑनलाइन आली आणि आधी आमच्या, मग शेजारच्यांच्या निविदा भरता भरता तोच माझा धंदा झाला. आता भोसरीचे फर्निचरवाले, तपकीर गल्लीतले इन्व्हर्टरवाले, नारायण पेठेतला एक छापखाना अशी मंडळी येतात. एवढ्या वर्षांत सर्व्हर खरोखर पडल्याचे प्रसंग मी हाताच्या बोटांवर मोजू शकते. बाकी वेळा काय बिघडलं होतं ते इथे लिहून ठेवते.

राज्याच्या निविदा महाटेंडर्स या पोर्टलवर निघतात. ते चालतं एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या जेपनिक या प्रणालीवर. इतर बरीच राज्यंही हीच प्रणाली वापरतात, त्यामुळे नाशिकवाल्याचं आणि इंदूरवाल्याचं रडगाणं एकच असतं. तयार वस्तू कार्यालयं केंद्राच्या जेम पोर्टलवरूनही घेतात. ते ९ ऑगस्ट २०१६ ला सुरू झालं, आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला राज्याच्या उद्योग विभागाने कार्यालयीन खरेदीची नियमपुस्तिका काढली. आमच्यासारख्यांचं जग बदललं ते त्या वर्षापासून.

निविदा भरताना प्रत्येक पायरीला पोर्टल वेगळ्याच कोणाशी बोलत असतं. लॉगिनला ते तुमच्या डोंगलशी, म्हणजे डिजिटल सहीचं प्रमाणपत्र ठेवलेल्या यूएसबी टोकनशी बोलतं, शुल्काला बँकेशी, कागद चढवताना तुमच्या एक्सेलशी. म्हणून "कुठल्या पायरीला थांबलं?" हा एकच प्रश्न निम्मं काम करतो. त्याआधी मोबाईलच्या डेटावर तेच पान उघडून बघा. मोबाईलवर उघडलं आणि संगणकावर नाही, तर तुमचं वायफाय किंवा तुमचं यंत्र. आणि भोसरी-चाकणकडच्यांनी तारीख लागल्याबरोबर वार बघावा. गुरुवारी तिकडे औद्योगिक सुट्टी असते आणि महावितरण देखभालीला वीज बंद ठेवतं. मुदत गुरुवारी दुपारची असेल तर ती बुधवारची आहे असं समजून चाला.

लॉगिनलाच अडलं, तर डोंगल. पोर्टलला दोष देण्याआधी त्या टोकनचं स्वतःचं सॉफ्टवेअर उघडा, पिन टाका आणि आत प्रमाणपत्र दिसतंय का, नाव कोणाचं आहे, मुदत कधी संपते, एवढं वाचा. तिथेच दिसत नसेल तर पोर्टलला दिसणार कुठून? ईपास, प्रॉक्सकी अशी टोकनं वेगवेगळी, प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा. सायबर कॅफेतल्या संगणकावर चार जणांचे चार ड्रायव्हर एकमेकांच्या उरावर बसलेले असतात. आपला ठेवा, बाकीचे काढा. मुदत संपली असेल तर नवं घ्या, ते क्लास थ्रीचं. क्लास टू १ जानेवारी २०२१ पासून बंदच झालं, तरी कपाटातलं जुनं डोंगल घेऊन येणारे मला अजून भेटतात. नवं आणलं म्हणजे काम झालं असंही नाही, पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. एक प्रमाणपत्र एकाच लॉगिनला जोडलं जातं, त्यामुळे दोन फर्मना एकच डोंगल चालवू म्हणणाऱ्या भागीदारांचा तिथेच हिरमोड होतो.

पिन आठवत नसेल तर दोन प्रयत्नांनंतर थांबा. ठरावीक वेळा चुकलं की टोकन कुलूप लावून घेतं. मग कोणीतरी हुशार माणूस "फॉरमॅट मारून देतो" म्हणतो. मारू देऊ नका. प्रमाणपत्राची किल्ली त्या टोकनच्या बाहेर कुठेही नसते. पुसली की गेली, नवं विकत घ्या.

डोंगल ठीक, पण सहीची खिडकीच उघडत नाही, ही दुसरी तऱ्हा. पूर्वी सही ब्राउझरमधल्या जावातून व्हायची. क्रोमने ती सोय २०१५ मध्ये काढली, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. मग लोकांनी एक म्हातारा संगणक फक्त टेंडरसाठी राखून ठेवला, त्यात इंटरनेट एक्सप्लोरर. मायक्रोसॉफ्टने तोही १५ जून २०२२ ला निवृत्त केला. त्या संगणकाला आता सोडा. पोर्टलवर सहीसाठी सध्या जे सांगितलं असेल तेच घाला आणि जावाच्या जुन्या दोन-तीन आवृत्त्या पडून असतील तर त्या आधी उडवा. दोघांच्या भांडणात सही अडते.

एक गंमत सांगते. भोसरीच्या एका दादांचं काहीच उघडेना, ना बँक ना पोर्टल. सगळीकडे सुरक्षिततेचा इशारा. दोन तास गेले. शेवटी माझी नजर कोपऱ्यातल्या तारखेवर गेली, तर संगणक कित्येक वर्षं मागे! मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला होता आणि त्या जुन्या तारखेला कुठलंच प्रमाणपत्र जन्मलेलं नव्हतं. सेल बदलला, तारीख लावली, सगळं सुरू. तेव्हापासून मी आधी तारीख विचारते. लोकांना वाटतं मी चेष्टा करते.

शुल्काला अडलं तर बँक. नेफ्ट डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे, म्हणून सगळे गाफील राहतात. पैसे बँकेतून गेले तरी पोर्टलला बँकेकडून होकार यावा लागतो, आणि तो यायला बँकेचा वेळ लागतो. बयाणा रक्कम मुदतीच्या किमान एक दिवस आधी भरा. चलन त्या एका निविदेपुरतंच असतं. मागच्या चलनावरचा खाते क्रमांक जसाच्या तसा परत वापरला की पैसे अधांतरी लटकतात. रक्कम पैशापैशाने जुळली पाहिजे, पन्नास रुपये जास्त भरूनही भागत नाही. आणि खात्यातून वजा झालं पण पोर्टलवर ‘प्रलंबित’ दिसतंय, तर घाबरून पुन्हा भरू नका. व्यवहार पडताळायचा पर्याय तिथेच असतो, तो दाबा आणि वाट बघा.

फर्मच्या खात्याला मेकर-चेकर, म्हणजे एकाने भरायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं, असं असेल तर दोघंही त्या दिवशी गावात आहेत ना, हे बघून घ्या. एकाकडे मुलाने रक्कम टाकली, मंजुरी वडिलांच्या मोबाईलवर, आणि वडील आळंदीला माउलींच्या रांगेत, मोबाईल बंद. बयाणा रक्कम परत येते ती ज्या खात्यातून गेली त्याच खात्यात, म्हणून सीएच्या किंवा मेहुण्याच्या खात्यातून भरण्याचा मोह टाळा. उद्यम या लघुउद्योगांच्या नोंदणीवर बयाण्यातून सूट असेल तर सुटीचा पर्याय निवडून प्रमाणपत्र जोडावं लागतं, नुसतं जोडून भागत नाही. उद्योग आधार आता चालत नाही, १ जुलै २०२० पासून उद्यमच. ही सूट व्यापाऱ्याला आहे की फक्त उत्पादकाला, हे त्या निविदेच्या अटींत वाचा. इथे मी कोणालाही तोंडी सल्ला देत नाही, कारण वाद माझ्या अंगावर येतो.

आता बीओक्यू. दराच्या लखोट्यातली ती एक्सेलची फाइल. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी निम्मी माणसं इथे मेलेली असतात, आणि मी स्वतःही मेले आहे.

झालं असं. एका कार्यालयाची रजिस्टरांची निविदा होती. तांत्रिक लखोटा दोन दिवस आधी तयार, बयाणा भरलेला, दर वडिलांशी बोलून ठरलेले. शेवटच्या दिवशी दुपारी बीओक्यू चढवायला गेले तर पोर्टल म्हणतं, चुकीची फाइल. बंद केली, उघडली, परत तेच. पुन्हा उतरवली, सगळे दर पुन्हा टाकले, पुन्हा तेच. तीन वाजले. घड्याळाच्या जागी ‘मुदत संपली’. दर कमी होते आमचे, निविदा उघडल्यावर कळलं. मी त्या रात्री फाइलींची यादी बघत बसले तेव्हा दिसलं. पहिल्यांदा उतरवलेली फाइल फोल्डरमध्ये पडलेली होतीच, त्यामुळे ब्राउझरने दुसऱ्या फाइलच्या नावापुढे गुपचूप कंसात १ लावला. आणि पहिली? तिची मी स्वतःच ‘फायनल’ नावाची वेगळी प्रत काढून तीच चढवत होते, हौसेनं. पोर्टलने जे नाव दिलेलं असतं तेच अक्षरन् अक्षर लागतं. जागा सुटली तरी चालत नाही.

तेव्हापासूनचा माझा नियम असा: प्रत्येक निविदेचं वेगळं फोल्डर, त्यात बीओक्यूची एकच प्रत. दुसरी उतरवायची झाली तर आधीची काढून टाकायची. दरांचा हिशोब वेगळ्या कागदावर किंवा वेगळ्या शीटमध्ये, पोर्टलच्या फाइलमध्ये खेळ नाही.

नाव बरोबर असूनही नाकारली, तर मॅक्रो. ही फाइल नुसता तक्ता नसते, आत छोटा प्रोग्रॅम असतो. बेरीज, अक्षरी रक्कम, तपासणी सगळं तोच करतो. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो आपोआप अडवायला सुरुवात केली. वर लाल पट्टी येते आणि ‘चालू करा’ हे बटणच नसतं. लोक पट्टीची फुली दाबून दर भरत बसतात. अक्षरी रक्कम रिकामी राहते आणि पोर्टल फाइल परत करतं. उपाय साधा आहे. एक्सेल बंद करा, फाइलवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’ची चौकट असते तिच्यात खूण करा, मग उघडा. आता पिवळी पट्टी येईल, तिच्यावर मॅक्रो चालू करा. मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलऐवजी दुसऱ्या एखाद्या फुकटच्या ऑफिसमध्ये ही फाइल भरू नका. आकडे दिसतील छान, मॅक्रो चालणार नाहीत. मोबाईलवर तर मुळीच नको. गुगल शीट्समध्ये उघडून परत एक्सेल म्हणून उतरवली तर ती फाइल पोर्टलच्या लेखी परकीच.

निविदाकाराच्या नावाची चौकट रिकामी सोडू नका. बाहेर कुठूनतरी आकडे चिकटवू नका, टाइप करा. ज्या चौकटी भरायला मोकळ्या ठेवल्यात तेवढ्याच भरा. शीटचं संरक्षण तोडून ‘जरा नीट’ करणारे कॉम्प्युटरवाले भाचे मी बघितलेत. आणि सगळ्यात शेवटी शुद्धिपत्रक, म्हणजे निविदेतल्या बदलाची सूचना. ते निघालं की कधी कधी बीओक्यूही बदलते. आठवड्यापूर्वी उतरवलेल्या फाइलवर रात्रभर डोकं घालवण्याआधी निविदेच्या पानावर नवी आली नाही ना, हे बघा. लखोट्याच्या काळात कार्यालयाच्या फळ्यावर शुद्धिपत्रकाचा कागद लागायचा. आता ते पानाच्या तळाशी निमूट बसलेलं असतं.

पीडीएफ जड असली की चढत नाही. कागद काळ्या-पांढऱ्यात, १०० डीपीआयला स्कॅन करा. पॅन, जीएसटी, उद्यम, ताळेबंद हे नेहमीचे कागद पोर्टलवरच्या ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये फुरसतीने आधीच चढवून ठेवायची सोय आहे, ती फार थोडे वापरतात. मोबाईलवर काढलेले रंगीत फोटो, त्यात टेबलावरचा चहाचा कप, अशा पीडीएफही मी बघितल्यात.

सगळं चढलं, हिरव्या खुणा आल्या, लोक उठून चहाला जातात. निविदा गेलेलीच नसते! ‘फ्रीज बिड’ दाबेपर्यंत ती तुमच्याच खात्यात पडून असते. फ्रीज केल्यावर क्रमांकासह पोच येते. तिची पीडीएफ ठेवा, छापूनही ठेवा. पोच नाही म्हणजे निविदा नाही, एवढं भिंतीवर लिहा. मुदतीआधी दर बदलावासा वाटला तर पुन्हा सादर करता येतं. ‘मागे घ्या’ या पर्यायाला मात्र हात लावू नका. मागे घेतली की त्या निविदेत पुन्हा येता येत नाही. एका छापखानेवाल्यांनी ‘दुरुस्तीसाठी’ मागे घेतली होती. पुढचा अर्धा तास मी फक्त ऐकून घेतलं.

आणि घड्याळ? मुदत सर्व्हरच्या घड्याळाने संपते, जे पानावर दिसतं. तुमच्या मनगटावर दोन मिनिटं उरली असतील, तर ती तुमची खाजगी मिळकत.

जेमवर नोंदणीच अडली असेल तर बहुतेक वेळा नावं जुळत नाहीत. पॅनवर वडिलांचं नाव मधे, आधारवर नुसतं आद्याक्षर, बँकेत आडनाव आधी. माणसाला तिन्ही एकच वाटतात, यंत्राला तीन माणसं वाटतात. आधी पॅन आणि आधार जुळवा, मग पुढे जा.

माल पोचला, पैसे नाहीत, हे जेमवरचं नेहमीचं दुखणं. पोर्टलवर बीजक चढवलं नसेल आणि माल पोचल्याची तारीख टाकली नसेल, तर कार्यालयाच्या बाजूला काही हलतच नाही. माल प्रत्यक्ष कोठीत ठेवून आलात, चलनावर शिपायाची सही आणलीत, तरी पोर्टलच्या लेखी माल टेम्पोतच. बीजक आल्यावर माल घेणारा अधिकारी आधी प्राथमिक पोच देतो, मग दहा दिवसांत तपासून स्वीकृतीचं प्रमाणपत्र. त्याला सगळे ‘क्रॅक’ म्हणतात. क्रॅक निघालं की बिल कोषागाराच्या वाटेला लागतं. फोन करताना "पैसे कधी?" विचारू नका. "साहेब, क्रॅक निघालं का?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला ‘बघतो’ हे उत्तर येतं, दुसऱ्याला हो किंवा नाही. मार्च असेल तर निधी परत जाण्याआधी बिल कोषागारात पोचलं का, हेही विचारा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल तर २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांची कमाल मुदत आहे, आणि उशिराची तक्रार केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर करता येते. करावी का, हे तुम्ही आणि तुमचं त्या कार्यालयाशी नातं ठरवेल.

एक दुखणं मात्र पुरवठादाराचं नसतंच. निविदा उघडायची तारीख उलटली, आठवडा गेला, पान हलत नाही. विक्रेते मला विचारतात आणि मला कार्यालयातल्या लिपिकताईंना विचारावं लागतं. तुम्ही भरलेली निविदा उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या किल्ल्यांनी बंद होते. तुमचं स्वतःचं डोंगल नंतर संपलं तरी भरलेल्या निविदेला काही होत नाही. त्यांचं हरवलं तर मात्र होतं. प्रणालीत दोनपैकी दोन, तीनपैकी दोन किंवा चारपैकी दोन असे उघडणारे नेमता येतात. घाईत कार्यालयं दोनपैकी दोन ठेवतात. मग एका साहेबांची बदली होते आणि टोकन त्यांच्याबरोबर गडचिरोलीला जातं. किंवा प्रमाणपत्राचं नूतनीकरण करताना तेच टोकन पुसून त्यावर नवं चढवतात आणि जुनी किल्ली गेली, तिच्याबरोबर आमचे लखोटेही.

ज्या ताईंनी मला हे समजावलं त्यांच्या कार्यालयात आता चारपैकी दोन असतात, जुनं टोकन तारखेची चिठ्ठी लावून तिजोरीत राहतं आणि बदलीच्या कार्यमुक्तीआधी टोकन जमा केल्याची सही घेतली जाते. नावं निवडताना त्या आणखी एक गोष्ट बघतात: जन्मतारीख. आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून कितीतरी जणांची आहे, आणि ती सगळी मंडळी ३१ मेला एकाच दिवशी निवृत्त होतात. एप्रिलमध्ये काढलेली निविदा जूनमध्ये उघडायची असेल, तर चौघांत १ जूनवाला एकच ठेवतात.